मॉनिटरमधला आवाज

पाळण्याची कडी कुरकुरली आणि आम्ही तिघंही होतो तिथं थिजलो. मी तोंड उघडं ठेवून, हेरंब पेटीचा भाता अर्धवट दाबून, मुक्ता वहीत बोट घालून. रविवारची दुपार, दारं-खिडक्या लावलेल्या. ईरानं कूस बदलली, झोपेतच ओठांनी चुटुचुटु केलं आणि पुन्हा गाढ झोपली.

“वरचा सा मॅडमना पसंत नाही,” मी कुजबुजले.

मुक्ता खुदकन हसली. हेरंब हसला नाही. त्यानं पेटीवरचा हात काढला, चष्मा शर्टाला पुसला आणि म्हणाला, “मस्त होतंय. उगाच ताणू नकोस. आज एवढं पुरे.”

“लागला ना पण?”

“लागला गं.”

हेरंब म्हणजे माझा नवरा. दिवसा नोकरी, उरलेला सगळा जीव पेटीत. सांगलीत आमच्या कॉलनीतल्या गणपती मंदिरापुढच्या पटांगणात दर दिवाळीला पहाटे गाण्याचा कार्यक्रम व्हायचा, तो हेरंबच बसवायचा. आणि त्या कार्यक्रमाची सुरुवात सहा वर्षं एकाच गाण्यानं व्हायची. हेरंबनं चाल लावलेली एक भूपाळी, आणि ती म्हणणारी मी. अंतऱ्याच्या शेवटी ती वरच्या सा वर चढते आणि चार मात्रा तिथंच उभी राहते. त्या चार मात्रांसाठी लोक कानटोप्या वर करायचे, हे मी स्टेजवरून बघितलंय.

आदल्या वर्षी पोटात ईरा होती आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायची बंदी केली होती. कोल्हापूरहून एक गायिका बोलावली. नंतर वर्षभर भाजी घेताना, दवाखान्यात, लसीकरणाच्या रांगेत कुणी ना कुणी भेटून म्हणायचं, “तुमची सर नाही आली हो तिला. यंदा गाणार ना?” त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. बाळाचे लंगोट वाळत घालताना भूपाळी, वरण ढवळताना भूपाळी. मला परत तिथं उभं राहायचं होतं. बाकी काही नको होतं.

तेव्हा ईरा आठ महिन्यांची. सिझेरियन झालेलं. पोटातून दम घ्यायला गेलं की टाक्यांच्या जागी कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. रात्रीत तीनदा उठायचं. मला आपलं वाटायचं, श्वास थोडा तोकडा पडतोय, पण सूर लागतोय. मी रोज हेरंबला विचारायची आणि तो रोज सांगायचा, लागतोय.

मुक्ता कॉलेजात होती, कोरसला यायची. गेली दोन वर्षं माझ्याकडेच शिकत होती. भूपाळीतल्या सगळ्या जागा मीच तिच्या गळ्यात उतरवलेल्या.

दिवाळीच्या पहाटे आम्ही साडेचारलाच पटांगणात पोचलो. उटण्याचा वास अंगाला, केस अजून ओले. ईराला दुपट्यात गुंडाळून सासूबाई पहिल्या रांगेच्या टोकाला बसल्या. मी तिला पोटभर पाजून आले होते, तरी ब्लाउजच्या आत दोन हातरुमाल घडी घालून ठेवले होते. स्टेजवर उभं राहणाऱ्या बाईला काय काय सांभाळावं लागतं, ते स्टेजखालच्यांना कुठं दिसतं!

साउंड शकीलभाईंचं. मिरजेचे, आमच्या लग्नातही त्यांचेच स्पीकर होते. स्टेजसमोर मंडपाच्या टोकाला टेबल टाकून ते मिक्सर घेऊन बसायचे.

“वहिनी, बोला जरा.”

मी चार सूर लावले. पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून माझा आवाज लख्ख परत आला. मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला तिरका स्पीकर. त्याला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून. लोकांसाठीचे मोठे स्पीकर वेगळे, दोन्ही बाजूंना, लोकांकडे तोंड करून. आणि शकीलभाईंच्या मिक्सरवर दोन्हींचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. हे मला पहिल्या कार्यक्रमापासून ठाऊक होतं. पण जे कानावर पडतं तेच लोकांना ऐकू जातंय असं गाणारा धरून चालतो. न चालून करतो काय?

“बास?” शकीलभाईंनी विचारलं.

“एकदम बास,” मी म्हटलं.

ते हेरंबकडे बघत होते. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

साडेपाचला पटांगण भरलं. चारेकशे माणसं असतील. मफलरी, शाली, मांडीवर पेंगणारी पोरं. निवेदन झालं आणि मी भूपाळीचा पहिला शब्द उच्चारला. काय सांगू! वर्षभर बंद असलेल्या खोलीचं दार उघडावं तसं झालं. मॉनिटरमधून माझा आवाज येत होता आणि मला तो आवडत होता. थोडा जाडा झाला होता, पण माझा होता. पहिल्या रांगेतल्या बायका मात्र माझ्याकडे न बघता सारख्या माझ्या खांद्याच्या मागे बघत होत्या. मला वाटलं, मुक्तानं आईची मोरपंखी पैठणी नेसलीय, ती बघत असतील.

ज्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन व्हायचं होतं ते नगरसेवक तोवर उगवलेच नव्हते, म्हणून आम्ही गाणं सुरू केलं होतं. ते नेमके अंतऱ्याला आले. कॉलनी समितीचे अध्यक्ष इनामदारकाका हातात मेणबत्ती घेऊन पुढे धावले. पाहुण्याच्या हातून समई लागल्याशिवाय कार्यक्रम झालाच नाही, असं मानणारी पिढी. मला हातानंच खूण केली, चालू द्या, चालू द्या. नगरसेवक समोरून स्टेजवर चढले, दोन माणसं हार घेऊन मागे, आणि समईकडे वळताना त्यांचा पाय माझ्या मॉनिटरच्या वायरीत अडकला. ते सावरले. वायर नाही सावरली. सटकन निघून आली.

माझ्या पायाशी एकदम गप्प झालं.

मी सा वर होते. हात वर, डोळे मिटलेले. आणि त्या गप्पपणात पटांगणापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर आपटून गाणं परत आलं. शब्द तेच. सा वर जाण्याआधीचा तो छोटा झोका, जो मी शोधून काढला होता, तोही तसाच. आवाज मुक्ताचा.

मी तोंड मिटलं.

गाणं चालूच राहिलं.

चार सेकंद असतील, पाच असतील. चारशे माणसांसमोर मी हात उंचावून, ओठ घट्ट मिटून उभी, आणि मोठ्या स्पीकरमधून वरचा सा ठणठणीत लागलेला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक पुरुषी आवाज आला, “आयला, कॅसेट लावलीय रे!” आणि हशा पिकला. लहान मुलं तर उभी राहून हसायला लागली. मुक्ता घाबरून थांबली. नुसती पेटी राहिली. शकीलभाईंनी घाईनं काहीतरी वर सरकवलं आणि स्पीकरनं अशी कर्कश शिट्टी मारली की सासूबाईंनी ईराचे कान झाकले. नगरसेवकांना वाटलं गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हेरंबकडे बघितलं. असं काही झालं की वाजवणारा माणूस वर बघतो. काय झालं म्हणून बघतोच. हेरंबनं मान वर केली नाही. त्याची बोटं पट्ट्यांवर होती आणि डावा हात भाता हलवतच होता, हळूहळू.

तेवढ्यानंच मला कळलं.

तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व वगैरे झालं, पुढचा अभंग दुसऱ्या गायकाचा होता, त्याला पेटी नको, नुसता पखवाज. मी स्टेजवरून उतरले आणि कडेकडेनं थेट शकीलभाईंच्या टेबलाशी गेले. मिक्सरवर चिकटपट्टी लावून निळ्या शाईनं नावं लिहिलेली. पेटी, तबला, मुक्ता, वहिनी. मुक्ताची कळ वरपर्यंत. वहिनीची अगदी तळाला.

“वहिनी, चहा सांगू?”

“हे खाली कुणी केलं, शकीलभाई?”

“आत्ता वर घेतो, बघा.”

“कुणी केलं?”

त्यांनी कानावरचा हेडफोन काढून गळ्यात घेतला. “दादांनी सांगितलं. भूपाळीपुरतंच म्हणाले. वहिनींना मॉनिटरमध्ये फुल दे, बाहेर मुक्ताला सोड. मी विचारलं हो त्यांना, वहिनींना सांगितलंय का म्हणून. तर म्हणाले, तिच्यासाठीच करतोय.” मग हळूच म्हणाले, “तुमचं मीठ खाल्लंय. खोटं बोलणार नाही.”

मंदिराच्या मागे, जिथं फराळाच्या कागदी बश्या मांडल्या होत्या, तिथं मला हेरंब सापडला. एकटाच. चकलीचा तुकडा हातात, खात नव्हता.

“ऋजुता, आत्ता नको. कार्यक्रम चालू आहे.”

“किती दिवस?”

“काय किती दिवस?”

“माझा सा किती दिवस लागत नाहीये?”

तो बश्यांकडे बघत राहिला. “परत गायला लागलीस तेव्हापासून. वर जाताना फुटतो.”

“आणि तू रोज लागतोय म्हणालास.”

“मग काय म्हणू? रात्र रात्र झोप नाही तुला. परवा दूध उतू गेलं तर ओट्याला टेकून रडत होतीस. तुला कुठल्या तोंडानं सांगू, सूर फुटतोय म्हणून?”

“याच तोंडानं! ऋजुता, सूर फुटतोय. तीन शब्द आहेत, हेरंब.”

“हळू बोल.”

“का? इथंपण माइक आहे? असला तर तोही तू बंदच केला असशील.”

“तू रडली असतीस. गाणार नाही म्हणाली असतीस.”

“रडले असते! तासभर रडले असते आणि मग पट्टी उतरवली असती. काळी पाचवरून काळी चारला आले असते. बायका बाळंत होतात, पट्टी उतरवतात, वर्षभरानं परत चढवतात. त्यात काय आभाळ कोसळतं?”

“काळी चारला ती चाल बसते खाली,” तो म्हणाला. “ती काळी पाचलाच खुलते.”

म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. मलाही एक क्षण कळायला लागला. मग असं झालं की हातातली फराळाची बशी त्याच्या झब्ब्यावर फेकावी. फेकली नाही, कारण ती हातातच नव्हती. मी चाचपली होती.

“अच्छा,” मी म्हटलं. “म्हणजे मला नव्हतं सांभाळायचं. चालीला सांभाळायचं होतं.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. माझी कीव आली असती ना, तरी एक वेळ चाललं असतं. तू मला तिथं पुतळा करून उभं केलंस. सहा वर्षांचं माझं नाव पुढे केलंस आणि मागून गाणं वाजवलंस. आणि ते पायाशी बोंबलणारं खोकं ठेवलंस, बाईला कळू नये म्हणून. लोक मला चोर समजले, हेरंब. मी जीव तोडून गात होते आणि लोक म्हणाले, कॅसेट.”

तेवढ्यात मुक्ता आली. डोळे सुजलेले. “ताई, मला दादा म्हणाले, बारीक आवाजात सगळं धर, ताईला आधार होईल. माझा आवाज बाहेर एवढा जातोय हे मला खरंच...”

“तुझी काही चूक नाही,” मी म्हटलं. पण तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलेला हात मधेच राहिला. तेही मला आठवतं.

पुढून ईराचं रडणं ऐकू आलं. भुकेचं रडणं, मी ते झोपेतही ओळखते. छातीत कळ आली आणि दोन्ही रुमाल भिजले. कुठल्याही शहाण्या बाईनं तेव्हा जाऊन बाळ घेतलं असतं. मी पदर पुढे ओढून घेतला, शकीलभाईंना लांबूनच हातानं खूण केली, वर, आणि अभंग संपताक्षणी स्टेजवर गेले.

“भूपाळी राहिली आहे,” मी माइकमध्ये म्हटलं. माझा आवाज आता टाकीवर आपटून परत आला. “मघाशी तुम्हाला माझा आवाज ऐकू आला नाही. आता येईल.”

हेरंब पेटीवर येऊन बसला. त्याच्या ओठांवरून कळत होतं, तो म्हणत होता, नको.

“काळी पाच,” मी म्हटलं. तेही माइकमध्ये.

आणि गायले. रागानं गायले. भूपाळी देवाला उठवायला म्हणतात. मी कुणाला तरी गदागदा हलवल्यासारखी म्हटली. अंतरा आला. झोका घेतला, वर गेले, आणि सा फुटला. बांगडी पिचते तसा. चारशे माणसांसमोर, दोन्ही मोठ्या स्पीकरमधून, आणि वर टाकीवरून पुन्हा एकदा. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला. यावेळी कुणी हसलं नाही.

मी थांबले. पाणी प्यायले. मग हेरंबकडे वळून म्हटलं, “काळी चार.”

हे सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. हेरंबच्या कानशिलापर्यंत रक्त चढलेलं मला दिसलं. त्यानं बोटं सरकवली आणि काळी चारचा सा दिला. मी अंतरा पुन्हा घेतला. तो म्हणाला होता तशी चाल खरंच जरा खाली बसली. त्यातली धार गेली. पण वर गेले तेव्हा सूर होता. चार मात्रांचा दम नव्हता, तीनच झाल्या, चौथीला मी खाली आले. टाळ्या पडल्या त्या बेताच्या. सवयीच्या.

उतरले ती सासूबाईंकडून ईराला घेऊन सरळ मंदिरामागच्या पायरीवर जाऊन बसले आणि तिला पदराखाली घेतलं. ती इतक्या रागारागानं प्यायली की मला हसू आलं. हेरंब येऊन दोन पायऱ्या खाली बसला. आम्ही बोललो नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर पाडव्यापर्यंत नाही. पाडव्याला मी त्याला ओवाळलं.

त्याला सात वर्षं झाली. हेरंब आता सांगतो. आमटी खारट झाली तर खारट झाली म्हणतो, सूर उतरला तर पेटी थांबवतो. एखादेवेळी जरा जास्तच सांगतो. मी चौथ्या वर्षी भूपाळी परत काळी पाचला म्हटली, पूर्ण चार मात्रा. राग मात्र माझा गेला नाही. तो कपाटात घडी करून ठेवल्यासारखा आहे. त्यानं माझ्यापासून माझाच आवाज लपवला, आणि वर प्रेमानं लपवला म्हणाला. ज्याच्या-त्याच्या आवाजाबद्दल ज्याला-त्याला खरं सांगावं, हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या क्लासमधल्या मुली मला घाबरतात.

गेल्या मंगळवारी दुपारी ईराच्या शाळेतून फोन आला. गॅदरिंगच्या समूहगीताच्या बाई. त्या जरा अडखळत होत्या. मी गाण्याच्या क्लासची बाई, त्यामुळे.

“ईराचा उत्साह खूप आहे हो. पुढे माइकपाशी उभं राहायचं म्हणतेय. पण... सूर जरा... तुमच्या लक्षात आलंच असेल.”

लक्षात आलं होतं. तीन वर्षांपूर्वीच आलं होतं. ती दिवसभर गाते, न्हाताना गाते, चपातीचा घास तोंडात घेऊन गाते आणि एकही सूर जागेवर नसतो. आणि मी क्लासमधल्या दुसऱ्यांच्या मुलींना थांबवते, तिला कधी थांबवलं नाही.

“मग मागे घेऊ का? उंच मुलींच्या रांगेत? माइकपासून लांब. तिला तसं कळणार नाही.”

“घ्या,” मी म्हटलं. “तिला काही बोलू नका.”

फोन ठेवला आणि भिजवलेल्या कणकेला परत हात घातला. संध्याकाळी ईरा आली. दप्तर सोफ्यावर टाकलं, बूट एक इकडे, एक तिकडे.

“आई, बाईंनी मला मागच्या रांगेत टाकलं. उंच मुलींची रांग आहे ती. मी कुठं उंच आहे?”

“हात-पाय धुऊन ये आधी.”

ती हलली नाही. ओट्याला पाठ लावून उभी राहिली आणि वर बघायला लागली, माझ्या तोंडाकडे, अगदी निरखून.

“आई,” ती म्हणाली, “मी गाते ते तुला आवडतं का? खरं सांग.”